‘देह’, ‘आत्मा’ आणि मराठी ख्रिस्ती वाङ्मयांतील अंतःकलह

नंदुरबाराहून सुरतेकडे जाणाऱ्या ताप्ती खोऱ्याच्या लोहमार्गावर, नवापूर येण्यापूर्वीं, खांडबारा नांवाचें एक स्टेशन लागतें. भोंवतालीं मावची, कोकणी, भिल्ल अशा लोकांचीं गांवें. घरांतली बोली मावची किंवा कोकणी, बाजारांत थोडी गुजराथी व थोडी अहिराणी, आणि शाळेंत व ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांत मराठी. विसाव्या शतकाच्या आरंभापासून स्कॅन्डिनेव्हियन अलायन्स मिशनच्या मंडळींनीं पश्चिम खानदेशांत जें काम केलें, त्याच्या मागोमाग या नवापूर तालुक्यांत ख्रिस्ती मंडळ्या पुष्कळ झाल्या. अशाच एका मंडळीच्या रविवारच्या उपासनेस बसण्याचा योग मला आला होता. त्या दिवशीं गलतीकरांस लिहिलेल्या पत्राचा पांचवा अध्याय वाचला गेला. देहाच्या वासनांचें आणि आत्म्याचें वैर आहे, तीं एकमेकांस आडवीं येतात, आणि म्हणून माणसाच्या मनांत जें करावयाचें असतें तें त्याच्या हातून घडत नाहीं, असा त्यांतील एका प्रसिद्ध वचनाचा आशय आहे. उपासना आटोपल्यावर बाहेर चिंचेखालीं बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्यानें उपदेशकांना विचारलें: देह वाईट असेल तर देवानें तो घडविला कशाला? आणि माझा आत्मा चांगलाच असेल, तर मग तारणारा पाहिजे कोणाला?

उपदेशकांनीं काय उत्तर दिलें तें माझ्या ध्यानांत राहिलें नाहीं. प्रश्न मात्र राहिला. कारण तो जितका धर्माचा होता, तितकाच मराठी भाषेचा होता. दोन शतकें मराठींत ख्रिस्ती वाङ्मय लिहिलें जात आहे. त्याचा जो खरा गाभा, म्हणजे विश्वास ठेवल्यावरही माणसाच्या आंत चालू राहणारें युद्ध, तो या वाङ्मयांत कितपत उतरला, हें पाहावयाचें झाल्यास या शेतकऱ्याच्या प्रश्नापासूनच आरंभ करणें बरें.

पौलानें जो शब्द योजिला तो ग्रीक ‘सार्क्स’. त्याचा मूळ अर्थ मांस. पण पौलाच्या लेखणींत तो शब्द कातडी-मांसापुरता राहत नाहीं. देवाला वगळून स्वतःच्या बळावर उभा राहूं पाहणारा, स्वतःभोंवतीं फिरणारा सगळा माणूस, त्याच्या बुद्धीसकट आणि त्याच्या धर्माभिमानासकट, या एका शब्दांत येतो. याची साक्ष त्याच अध्यायांत आहे. सार्क्सचीं कर्में कोणतीं, याची यादी पौल देतो. प्रचलित ग्रीक पाठांत तिच्यांत पंधरा नांवें आहेत. पहिलीं तीन व्यभिचारादि कामविकारांचीं, शेवटचीं दोन मद्यपान व रंगेलपणा यांचीं, मध्यें दोन मूर्तिपूजा व चेटूक यांचीं. आणि उरलेलीं आठ? वैर, कलह, मत्सर, संताप, स्वार्थी चढाओढ, फूट, तट, हेवा. म्हणजे अर्ध्याहून अधिक नांवांना शरीराच्या भोगाची गरजच नाहीं. तीं सारीं पापें उपवास करणाऱ्या, स्नान-संध्या चुकवूं न देणाऱ्या, दारूच्या वाऱ्यालाही न उभ्या राहणाऱ्या माणसाच्या हातून नित्य घडूं शकतात; आणि आपण सारे जाणतों कीं, घडतातही.

आतां मराठी भाषांतरकारापुढें अडचण उभी राहते. ‘मांस’ म्हणावें तर वाचकास स्वयंपाकघर आठवतें. म्हणून ‘देह’ आला. पण ‘देह’ हा शब्द मराठींत मोकळा आलेला नाहीं. त्याच्या मागें वेदान्ताचा सगळा परिवार आहे. देह नाशवंत, देह म्हणजे जुनें वस्त्र, देह म्हणजे मी नव्हे. आणि त्याच्या जोडीला ‘आत्मा’ म्हटलें कीं तर विचारावयासच नको. जो मुळांतच शुद्ध, ज्याला शस्त्र तोडीत नाहीं व अग्नि जाळीत नाहीं, तो आत्मा आमच्या घरच्या अशिक्षित आजीलाही ठाऊक असतो. पौलाचा ‘न्यूमा’ हा तो नव्हे. तो माणसाच्या आंत आधींपासून दडून बसलेला स्वच्छ अंश नसून बाहेरून, देवाकडून येणारा, माणसाला धक्का देणारा पाहुणा आहे. इंग्रजी पुस्तकांत हा शब्द मोठ्या अक्षरानें छापून एक खूण करितां येते. देवनागरींत मोठें अक्षर नाहीं. तेथें ‘पवित्र’ हें विशेषण जोडलेलें नसेल तर देवाचा आत्मा कोणता आणि माझा कोणता, हें वाचणाऱ्यानें आपलें आपण ठरवावयाचें. (न्यायास धरून सांगावयाचें तर जुन्या ग्रीक हस्तलिखितांतही ही सोय नव्हती, तेथें सगळींच अक्षरें मोठीं.) परिणाम असा होतो कीं, पौलाचें वाक्य मराठींत येतां येतां त्याचा अर्थ जवळजवळ उलटा होतो. माणूस आणि देव यांच्यामधला झगडा हा माणसाचें शरीर आणि त्याचाच शुद्ध आत्मा यांच्यामधला झगडा होऊन बसतो. मग खांडबाऱ्याच्या म्हाताऱ्यानें विचारलें त्यांत चूक तें काय?

भाषांतरकारांना याची जाणीव नव्हती असें नाहीं. श्रीरामपुरास विल्यम केरी यांनीं वैजनाथ पंडितांच्या साह्यानें मराठी नव्या कराराचें काम केलें, त्याचें पुस्तक १८११ सालीं निघालें. तेव्हांपासून या ना त्या शब्दाची ओढाताण चालूच आहे. पंडिता रमाबाई तर केडगांवास मूळ हिब्रू व ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठींत संपूर्ण पवित्र शास्त्र उतरविण्यास बसल्या. मुक्तिसदनांतील स्त्रियांनींच त्याची छपाई केली, आणि रमाबाई १९२२ सालीं वारल्यानंतर दोन वर्षांनीं तें पुरें प्रसिद्ध झालें. जी बाई बालपणापासून संस्कृत पुराणें मुखोद्गत म्हणत हिंदुस्थानभर हिंडली, तिनेंच संस्कृतप्रचुर धर्मभाषेचा सोस टाकावा, यांत फार मोठें वाङ्मयीन शहाणपण आहे. सध्यां मंडळ्यांतून वाचल्या जाणाऱ्या भाषांतरांत कांहीं ठिकाणीं ‘देहस्वभाव’ असा जोडशब्द करून अर्थ सांभाळला आहे. तो चांगला आहे. पण तो सर्वत्र नाहीं, आणि जेथें नुसता ‘देह’ राहिला तेथें वाचक पुन्हां जुन्या वाटेला लागतो.

येथें कोणी म्हणेल कीं, मराठी मनाला हा झगडाच परका; तेव्हां शब्द तरी कोठून मिळावा? हें म्हणणें मला साफ नाकबूल आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायांत अर्जुन विचारतो कीं, इच्छा नसतां, जणूं कोणी बळानें ढकलावें तसा, मनुष्य पाप कां करितो. रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायांत पौल स्वतःविषयीं जें आश्चर्य करितो त्याच्याजवळ जाणारा याहून सरळ प्रश्न दुसऱ्या कोठल्या धर्मग्रंथांत असेल असें मला वाटत नाहीं. त्याचें उत्तर म्हणून काम-क्रोधांचें नांव येतें, आणि त्यांवर टीका करितांना ज्ञानेश्वरांच्या ओव्यांना जो जोर चढतो तो पाहण्यासारखा आहे. दुर्योधनाच्या तोंडीं घातलेला एक श्लोकही आपल्याकडे सर्वतोमुखीं आहे. धर्म कळतो पण तिकडे प्रवृत्ति होत नाहीं, अशी त्याची कबुली. दुर्योधन ती कबुली देऊन स्वस्थ बसतो, पौलाला स्वस्थ बसवत नाहीं, हा दोघांत फरक.

आणि तुकाराम? रात्रंदिवसाच्या युद्धावरचा त्यांचा अभंग ज्याला पाठ नाहीं असा मराठी माणूस विरळा. तुकोबांच्या गाथेंत स्वतःला दूषण देणारे, आपल्या भक्तींतला दंभ आपणच उघडा करणारे, लोकांनीं संत म्हटल्याचा त्रास होणारे जे शेंकडों अभंग आहेत, त्यांत ‘देह’ हा शत्रु क्वचितच ठरतो. शत्रु ठरतें तें मन. मान मिळाला कीं सुखावणारें, निंदा झाली कीं चिडणारें, देवापुढें उभें राहूनही भोंवतालीं कोण पाहतें आहे याचा अंदाज घेणारें मन. पौलाच्या सार्क्सला मराठींत खरा जवळचा शब्द कोणता असें मला कोणी विचारलें, तर मी ‘देह’ म्हणणार नाहीं. ‘मीपण’ म्हणेन. कोशकार नाक मुरडतील. पण तुकोबांचा वाचक ताबडतोब समजेल.

रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत कीं आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलों. हें वाक्य आपल्याकडे फार मिरविलें जातें. तें खरें आहे. पण टिळकांनीं त्या पुलावरून काय काय बरोबर आणलें आणि काय पलीकडेच राहिलें, याचा विचार फारसा होत नाहीं. त्याकडे वळण्यापूर्वीं त्यांच्या अगोदरच्या लेखकांवरून एक नजर फिरविली पाहिजे.

बन्यनच्या प्रसिद्ध रूपकाचें हरि केशवजी यांनीं केलेलें भाषांतर ‘यात्रिक क्रमण’ १८४१ सालीं प्रसिद्ध झालें. मराठी गद्य तेव्हां नुकतें पाय टाकूं लागलें होतें, हें लक्षांत घेतां हें काम लहान नव्हे. परंतु रूपकाचा एक स्वभावदोष असतो. आंतला विकार तो बाहेर रस्त्यावर आणून माणसाच्या वेषांत उभा करितो. यात्रेकरूला वाटेंत मोह भेटतो, संशय भेटतो, भय भेटतें. तो त्यांच्याशीं लढतो आणि पुढें जातो. आपल्याला हें नवें नव्हतें. ‘प्रबोधचंद्रोदय’ नाटकांत विवेक आणि मोह कधींच राजे होऊन लढले होते. पण ज्याच्याशीं लढावयाचें तो रस्त्यावर भेटतो तोंवर आपण निर्दोष प्रवासीच राहतों. खरी पंचाईत तो आपल्याच आवाजांत बोलूं लागतो तेव्हां होते.

बाबा पद्मनजींचें ‘यमुनापर्यटन’ (१८५७) विधवांच्या दुःखाचें पुस्तक. त्यांतली लढाई समाजाशीं आहे. त्यांचें आत्मचरित्र ‘अरुणोदय’ (१८८४) मात्र आपल्या विषयाला स्पर्श करितें. सत्य पटलें आहे, पण जात, आईबाप, लोक यांच्या भयानें पाऊल पुढें पडत नाहीं, या वर्षांचें त्यांत केलेलें वर्णन प्रामाणिक आहे. तथापि १८५४ सालच्या बाप्तिस्म्याशीं त्या युद्धाचा जणूं निकाल लागतो. त्या काळच्या बहुतेक धर्मांतरकथांचा हाच सांचा. अलीकडे अंधार, पलीकडे उजेड, आणि मध्यें पाणी.

पाण्यापलीकडेही अंधार असतो हें स्पष्टपणें सांगितलें तें पंडिता रमाबाईंनीं. १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढें १९०७ सालीं लिहिलेल्या आपल्या साक्षींत त्या म्हणतात कीं, बाप्तिस्म्यानंतर पुष्कळ वर्षें मला ख्रिस्ती धर्म सांपडला होता, ख्रिस्त सांपडला नव्हता. ही साक्ष त्यांनीं इंग्रजींत लिहिली, ही मराठी वाङ्मयाची हानि. १९०५ च्या जून महिन्यांत केडगांवच्या मुक्तिसदनांत जें धर्मसंजीवन झालें, ज्यांत शेंकडों मुली रडत, ओरडत, एकमेकींपुढें आपलीं पापें कबूल करूं लागल्या, त्याची हकीकत जगभर गेली. त्यावर टीकाही झाली. मला त्यांत एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या मुली दुष्काळांतून आणलेल्या, आईबाप मेलेल्या. त्यांच्यापैकीं कित्येकींना अक्षर अलीकडेच कळूं लागलें होतें. आपल्या आंत कांहीं चाललें आहे आणि तें शब्दांनीं सांगतां येतें, हा अनुभव त्यांना त्या दिवशीं आला असेल, तर गोंगाटाची तक्रार करणाऱ्यांनीं थोडें गप्प बसावयास हरकत नव्हती. पण त्या कबुलीचेंही वाङ्मय झालें नाहीं.

आतां टिळक. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि १९१९ च्या मे महिन्यांत मुंबईसच ते वारले. मधल्या चोवीस वर्षांत त्यांनीं मराठी ख्रिस्ती उपासनेला तिची स्वतःची भाषा दिली. ‘उपासना संगीत’ या पुस्तकांत त्यांचीं शंभरांहून अधिक गीतें आहेत, आणि खांडबाऱ्यापासून कोल्हापुरापर्यंत कोणत्याही मराठी मंडळींत गेलें तरी तीं कानीं पडतात. ख्रिस्ताला माउली म्हणून हांक मारण्याचें धाडस त्यांनीं केलें, आणि तें इतकें सहज केलें कीं आज तें धाडस होतें हेंही कोणास आठवत नाहीं. एवढें सगळें मान्य करूनही मला म्हणावेंसें वाटतें कीं, ‘अभंगांजली’ वाचतांना अंतःकलहाचा निकाल फार लवकर लागतो. पहिल्या चरणांत कवि व्याकुळ असतो. तिसऱ्यांत आश्वासन मिळतें. ‘दास म्हणे’ येईतों शांतता पसरलेली असते. तुकोबांचे कित्येक अभंग भांडण न मिटतांच संपतात. देव उत्तर देत नाहीं, आणि तुकाराम दारांतून उठत नाहींत. टिळकांचा देव फार वेळ गप्प राहत नाहीं. माधुर्य आलें; धग राहिली नाहीं. पुलाच्या पलीकडे राहिलें तें हें.

आणि तरीही ती धग टिळकांच्या आयुष्यांत होती. ती त्यांच्या कवितेंत नाहीं, त्यांच्या पत्नीच्या गद्यांत आहे.

‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ सालीं निघाला, लक्ष्मीबाई १९३६ सालीं वारल्या तेव्हां चौथा भाग अपुरा होता. या पुस्तकाची स्तुति करितांना आमचे टीकाकार बहुधा विनोद, साधी भाषा, कोकणस्थी संसाराचें चित्र, स्त्रीची सोशिकता एवढ्यांवर थांबतात. तें सगळें आहेच. पण हें पुस्तक ख्रिस्ती माणसाच्या अंतःकलहाचा मराठींतला सर्वांत खरा दस्तऐवज आहे, असें म्हणतांना मला बिलकुल संकोच वाटत नाहीं. आणि त्यांत ‘देह’ व ‘आत्मा’ या शब्दांचें काम जवळजवळ पडतच नाहीं, हें त्याच्या खरेपणाचें एक कारण आहे.

बाईंनीं आरंभींच आपल्या वडिलांच्या सोवळ्याचें चित्र काढलें आहे. घरांत येणारी प्रत्येक वस्तु धुऊन घेतल्याविना ज्यांचें समाधान होत नसे, त्या सोवळ्याखालीं सगळें घर कसें भरडलें जाई, हें त्या हंसत हंसत सांगतात. मग तेंच सोवळें लेकीच्या अंगीं कसें मुरलेलें आहे हेंही सांगतात. नवरा ख्रिस्ती झाला. कांहीं वर्षें ताटातूट झाली. पुढें त्या त्याच्याजवळ राहावयास आल्या तरी चूल वेगळी, पाणी वेगळें. हें शुद्धतेचें व्रत त्या प्रामाणिकपणें पाळीत होत्या. जातिभेद देवानें केला कीं माणसानें, या प्रश्नाशीं त्यांचें मन एके दिवशीं येऊन ठेपलें, आणि मग तें सोवळें गळून पडलें. येथें पाहण्यासारखें असें कीं, देहाला जिंकण्याचा जो मार्ग म्हणून सोवळें आलें, तेंच लक्ष्मीबाईंच्या कथेंत मीपणाचा शेवटचा किल्ला ठरतें. पौलानें नियमशास्त्राच्या अभिमानाविषयीं गलतीकरांना जें बजावलें, त्याची इतकी घरगुती टीका दुसरीकडे मिळणार नाहीं. आणि लिहिणाऱ्या बाईला आपण टीका लिहीत आहों याची गंधवार्ताही नाहीं. १९०० सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला.

दुसरें, टिळकांचा राग. हा विषय बाईंनीं लपविला नाहीं, आणि त्याचा बाऊही केला नाहीं. टिळक उदार, टिळक भोळे, टिळक कवि. आणि टिळक क्षणांत भडकणारे, घर सोडून चालते होणारे, परत येऊन तितक्याच उत्कटतेनें पश्चात्ताप करणारे. बाप्तिस्म्याआधीं राग होता. बाप्तिस्म्यानंतर तो गेला, असा सांचेबंद शेवट बाईंनीं केला असता तर पुस्तक एखाद्या पत्रिकेच्या पंगतींत जाऊन बसलें असतें. त्यांनीं तसें केलें नाहीं. राग राहतो. फक्त त्या रागाशीं टिळकांचें नातें बदलत जातें. विन्स्लो यांनीं १९२३ सालीं टिळकांचें जें इंग्रजी चरित्र लिहिलें, त्याच्या नांवांतच महाराष्ट्राचा ख्रिस्ती कवि उभा आहे. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकांत कवि उंबरठा ओलांडून घरांत येतो, चप्पल काढतो, आणि जेवण कां झालें नाहीं म्हणून चिडतो. त्याच माणसानें दुष्काळांतलीं पोरकीं मुलें घरांत आणून आपल्या पोरांप्रमाणें वाढविलीं, हेंही त्याच पुस्तकांत आहे. दोन टिळक नाहींत, एकच आहे. पौलाला हेंच म्हणावयाचें होतें. ऑगस्टिन हा आफ्रिकेंतला धर्माचार्य आरंभीं समजत असे कीं, रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायांतला रडणारा ‘मी’ हा अद्याप तारण न झालेला मनुष्य आहे; म्हातारपणीं, पेलागियसच्या अनुयायांशीं वाद चालला असतां, तो म्हणूं लागला कीं हा ‘मी’ प्रेषित स्वतःच, विश्वास ठेवल्यानंतरचा. ऑगस्टिनाला पुष्कळ वर्षें लागलीं. लक्ष्मीबाईंना हें नवऱ्याबरोबर राहून कळलें.

तिसरी गोष्ट अधिक अवघड आहे. १९१७ सालीं टिळकांनीं मिशनचा पगार सोडला, संन्यासी झाले, आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताच्या प्रत्येक शिष्याला त्यांत जागा होती. कल्पना भव्य. आमच्या वाङ्मयांत ही गोष्ट आत्म्याच्या विजयाची म्हणून सांगितली जाते. पण हा संन्यासी बायकामुलांचा होता, आणि पगार थांबल्यावर चूल कोणी पेटवावयाची हा प्रश्न संन्यास घेणाऱ्याला पडत नसतो; तो घरांतल्या बाईला पडतो. हें पाऊल कितपत आत्म्याचें आणि कितपत त्या जुन्या, मनस्वी, क्षणांत उठून चालूं लागणाऱ्या टिळकांचें? मला वाटतें, दोहोंचेंही. पापवासना कुकर्माच्याच वेषांत येते असें नाहीं, ती त्यागाच्याही वेषांत येते, आणि देव तसलाही त्याग कामीं लावून घेतो, ही गुंतागुंत ज्या वाङ्मयाला दाखवितां येते तें प्रौढ झालें म्हणावें. मराठी ख्रिस्ती वाङ्मयांत ती प्रौढता एका अल्पशिक्षित बाईच्या हातून आली. तिनें पतीचें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ पुढें नेलें, त्या अवाढव्य कामाचें कौतुक करावें तेवढें थोडें. पण माझ्या मतें तिचें खरें ख्रिस्तायन गद्यांतच आहे.

मात्र एक गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. पद्मनजी, रमाबाई, टिळक पतिपत्नी, या सर्वांचें युद्ध एकेकट्या माणसाचें आहे. ज्याला आपलें कुळ, आपली जात, आपली चाकरी सोडून एकटें बाहेर पडावें लागलें, त्याचा ‘मी’ ठसठशीत होतो. खांडबाऱ्याकडे येतांच हें चित्र बदलतें. येथें मोहाचें नांव बहुतेकांच्या तोंडीं एकच असतें, तें म्हणजे मोहाची दारू; हा श्लेष माझा नव्हे, मराठीचाच आहे. ती दारू नुसती व्यसनाची वस्तु नव्हती. देवाला ती वहावयाची, लग्नांत ती फिरवावयाची, मयताला ती द्यावयाची. ती नाकारणें म्हणजे एक पेला नाकारणें नव्हे, तर भाऊबंदांना नाकारणें. आणि ती सोडण्याचे प्रयत्न मिशनऱ्यांनींच केले असें मुळींच नाहीं. १९२२ सालीं सुरत जिल्हा आणि लगतच्या मुलुखांत ‘देवी’ आली. तिनें अंगांत येऊन आदिवासींना दारू-मांस सोडावयास, रोज स्नान करावयास सांगितलें, आणि गांवेंच्या गांवें तिच्या आज्ञेंत गेलीं. डेव्हिड हार्डिमन यांनीं या चळवळीवर १९८७ सालीं एक उत्कृष्ट ग्रंथ लिहिला आहे. पुढें कांहीं लोक पुन्हां पिऊं लागले, कांहीं लागले नाहींत, आणि सुरतेकडे समाजांत ‘वर्जेला’ व ‘सर्जेला’ असे दोन तट पडले. १९३७-३८ च्या सुमारास तळोद्याकडे गुलामहाराजांच्या आरतीला हजारों भिल्ल जमूं लागले. त्यांचाही पहिला उपदेश हाच.

तेव्हां येथल्या ख्रिस्ती माणसाचा झगडा समजावयाचा तर एकेकट्या ‘मी’ची भाषा पुरत नाहीं. त्याचें पडणें पुष्कळदां लग्नमंडपांत, सर्वांदेखत आणि सर्वांच्या आग्रहानें असतें. त्याचें उठणेंही मंडळीच्या आधारानें असतें. या झगड्याचें ‘स्मृतिचित्रे’ व्हावयाचें राहिलें आहे. उपदेश पुष्कळ झाले, दारूबंदीचीं गीतें झालीं. पण दारू सोडलेला माणूस पुढें काय होतो, त्याच्या मनांत वर्ज्य करणाऱ्याचा ताठा कसा शिरतो, आपला भाऊ अजून ‘तसलाच’ आहे हें सांगतांना त्याच्या आवाजांत काय येतें, याची नोंद साहित्यानेंच करावयाची असते. पौलाचें पत्रही, बारकाईनें पाहिलें तर, एका माणसाला लिहिलेलें नाहीं. त्यांतला ‘तुम्ही’ अनेकवचनी आहे, आणि त्या पांचव्या अध्यायांत देह-आत्म्याचा विषय निघण्याच्या अगदीं आधीं लेखक त्यांना एकमेकांना फाडून खाऊं नका असें बजावीत आहे. म्हणजे तो अध्याय मुळांत फुटलेल्या मंडळीसाठीं लिहिला गेला. आम्हीं शहरांतल्या वाचकांनीं तो आपापल्या खोलींत नेऊन वाचला, एवढेंच.

त्या रविवारीं निघण्यापूर्वीं मीं त्या म्हाताऱ्याबरोबर तो उतारा पुन्हां काढला. त्याची नात जवळ होती, शाळेंत जाणारी. मी मराठींत एकेक नांव वाचीत होतों आणि ती मावचींत सांगत होती. पहिल्या नांवांना म्हातारा मान हलवीत राहिला, जणूं दुसऱ्या कोणाच्या गोष्टी ऐकत आहे. मद्यपानाचें नांव शेवटीं आहे. तें मीं आधींच वाचून टाकलें, तेव्हां त्यानें बोटांवर वर्षें मोजून दाखविलीं. वीस वर्षें तोंडाला लावली नव्हती. मग मधलीं नांवें आलीं. ‘तट’ या शब्दाशीं मुलगी अडली. मीं समजावून सांगितलें, तिनें आजोबांना सांगितलें. त्यानें हात वर करून तिला थांबविलें आणि नाल्यापलीकडच्या एका घराकडे पाहिलें. तें त्याच्या धाकट्या भावाचें घर होतें, असें मुलीनें मला नंतर सांगितलें. बांधावरून कांहीं झालें होतें. दोघेही मंडळीचे सभासद, आणि रविवारीं मंदिरांत एक पुढें बसे, एक मागें. त्यानें तो शब्द पुन्हां वाचावयास सांगितला.